एक फूट जादा

हंबीररावांनी प्लायवूडच्या फळीवर टेप सोडला, एक टोक अंगठ्याने दाबून धरलं आणि सहा फुटांवर खिळ्याने ओरखडा मारला. भाऊसोने तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात सरकवली, फळीवर वाकला आणि ओरखड्याच्या फूटभर अलीकडे बोट ठेवलं.

"पाच करा, मेजर."

"सहा."

"अहो, पाच फुटांत बाई अंग पसरून झोपंल. सहा कशाला? पहिलवान झोपणार हाय का तिथं?"

हंबीररावांनी त्याच ओरखड्यावर पुन्हा एकदा खिळा फिरवला, या खेपेला जोर देऊन.

भाऊसोचं वर्कशॉप सांगलीत हळदीच्या पेठेमागच्या बोळात होतं. एक लेथ, एक वेल्डिंगचं मशीन आणि कोपऱ्यात जुन्या स्कूटरींचा ढीग. पेठेतली हळद वाऱ्याने इथवर यायची आणि ग्रीसवर बसायची, त्यामुळे भाऊसोचे हात कायम काळे-पिवळे. हंबीरराव अठरा वर्षं फौजेच्या वर्कशॉपात गाड्या दुरुस्त करून हवालदार म्हणून परतलेले. आमच्याकडे फौजेतून आलेला साधा शिपाईसुद्धा मेजर असतो, तेव्हा हवालदार मेजर व्हायला काहीच हरकत नव्हती.

दोघांच्या मध्ये एक इंग्रजी मासिक उघडं पडलं होतं. त्यात एका यंत्राचा नकाशा होता. हॉवरक्राफ्ट म्हणतात त्याला, असं भाऊसोने अक्षरं जुळवत वाचून सांगितलं होतं. एक पंखा खाली वारा सोडतो, तो वारा कडेच्या झालरीत कोंडतो आणि सगळा सांगाडा वीतभर उचलला जातो. दुसरा पंखा मागून ढकलतो. पाणी असो, वाळू असो, गाळ असो, यंत्र कशालाच टेकत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भाऊसो पोट धरून हसला होता. मग आठ दिवस त्याला झोप लागली नाही, आणि आता हंबीररावांपेक्षा त्यालाच त्याचं जास्त वेड लागलं होतं.

वादाची सुरुवात एक इंजिन का दोन, इथून झाली होती. एकाच इंजिनावर दोन्ही पंखे फिरवले तर चारशे रुपये वाचत होते.

"आन् मधीच बंद पडलं तर?" हंबीररावांनी विचारलं होतं.

"तर बसतं खाली."

"कुठं?"

"जिथं असंल तिथं."

हंबीररावांनी एका इंजिनाचा कागद घडी करून भाऊसोच्या खिशात परत कोंबला होता. त्याआधी त्यांनी आपल्या विहिरीवरचं डिझेल इंजिन वापरायचं सुचवून बघितलं होतं. भाऊसो म्हणाला होता, "ते इंजिन घेऊन हे यंत्र उडायचं न्हाई मेजर, यंत्राला घेऊन इंजिन बुडंल." तेव्हा ठरलं: उचलायला पेट्रोलवरचं पंपाचं छोटं इंजिन, ढकलायला दुसरं. आता वाद होता तो त्या दुसऱ्याचा.

भाऊसोने वहीचं पान त्यांच्यापुढे धरलं. पानाच्या मधून त्याने उभी रेघ मारली होती.

"ह्या बाजूला बघा. बाई झोपायला पाच फूट, म्हंजी सांगाडा अकरा फुटी. त्याला स्कूटरचं इंजिन चालतंय, ते माझ्याकडं पडलंय. प्लाय, सागाच्या पट्ट्या, झालरीचं कापड, पंखे, सगळं धरून बावीसशे. आता ह्या बाजूला या. सहा फूट, म्हंजी सांगाडा बारा फुटी. वजन वाढलं, घेर वाढला. स्कूटरचं इंजिन ह्याला हलवतबी न्हाई. साडेतीनशे सीसीचं फौजी मोटरसायकलचं पायजे. एकतीसशे. एका फुटाला नऊशे रुपय, मेजर! सोन्याचा फूट हाय का?"

"हूं."

"लेकीची उंची किती तुमच्या?"

"पाच फूट सात इंच," हंबीरराव लगेच म्हणाले.

भाऊसोने त्यांच्याकडे बघितलं. हंबीरराव स्वतः उंच होते, बापासारखी लेक असायची एखादी. त्याने त्यांच्या लेकीला, राहीबाईला, कधी बघितलेलं नव्हतं.

"मग माझं काय जातंय," तो म्हणाला, आणि त्याने डाव्या बाजूच्या आकड्यांवर काट मारली.

ती सहा फुटी फळी हंबीररावांनी खांद्यावरून स्टँडपर्यंत नेली आणि एस.टी.च्या टपावर बांधून घरी आणली.

बेलघाट कृष्णेच्या अलीकडच्या काठावर. पलीकडच्या काठावर मळीचं वडगाव, हंबीररावांच्या लेकीचं सासर. घाटावर उभं राहिलं की वडगावच्या देवळाचा कळस दिसतो, इतकं ते जवळ. घराच्या एका अंगाला गोठा आणि गोठ्याला लागून पत्र्याची शेड होती. शेडमध्ये यंत्राचा सांगाडा मांडलेला, सागाच्या पट्ट्यांचा, एखाद्या भल्यामोठ्या काठवटीसारखा. गावातली माणसं येता-जाता डोकावून जात. 'मेजरची वाऱ्याची होडी' असं त्याचं नाव पडलं होतं. कुणी विचारी, शिडी लावून बसायचं का? कुणी विचारी, पंढरपूरला किती घेणार? ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांना काय.

त्यांनी फळी आणून शेडच्या कुडाला टेकवली तेव्हा मुक्ताबाई, त्यांच्या कारभारीण, म्हशीपुढे पेंडीची पाटी ठेवत होत्या.

"यल्लाप्पा यिऊन गेला," म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या. यल्लाप्पा म्हणजे घाटावरचा नावाडी, अलीकडचे-पलीकडचे निरोप त्याच्याच नावेतून ये-जा करायचे. "राहीनं ईचारलंय, मुराळी कवा येतुया."

"यंत्र झालं की."

"सातवा लागलाय तिला."

"म्हायती हाय मला."

"पाणी अजून पात्रात हाय. नाव चालतीया. उद्या जावा, परवा तिला घिऊन या. एकदा पाणी चढलं की म्हैना-म्हैना काय हलता येत न्हाई. आन् उतरलं की त्यो गाळ."

गाळ हा शब्द त्या घरात कुणी काढत नसे. मुक्ताबाईंनी काढला आणि त्यांचा हात म्हशीच्या पाठीवर थांबला.

दोन वर्षांमागे थोरली लेक, सुला, अशीच निरोप धाडत होती. तीही वडगावलाच दिलेली, पहिलटकरीण. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, आणि पोरीला माहेरी यायचं तर मुराळी न्यायला जावा लागतो. मुराळ्याने लेकीचं गठुडं आपल्या खांद्यावर घ्यायचं आणि पुढे चालायचं, लेक मागनं येते. मुराळ्याशिवाय आपल्या पायाने आली तर दोन्ही घरांची शोभा होते. हंबीररावांना मुलगा नाही, तेव्हा मुराळी तेच. श्रावणात त्यांच्या विहिरीचं इंजिन बिघडलं म्हणून जाणं राहिलं. मग पाणी चढलं. पाणी उतरलं तोवर पितरपाठ लागला. पितरपाठात लेक आणू नये, असं कुणीतरी म्हणालं आणि हंबीररावांनी ते ऐकलं. 'पितरपाठ झाला की घटाला आणतो' म्हणून त्यांनी कळवलं. वडगावहून पुन्हा निरोप आला: सुला गठुडं बांधून बसलीया, मुराळी धाडा. हा निरोप सोमवारचा. गुरुवारी तिच्या पोटात दुखायला लागलं, दिवस भरायच्या महिनाभर आधी.

पूर ओसरला की वडगावच्या बाजूला मळीत कमरेइतका गाळ राहतो. पाऊण मैलाचा पट्टा. त्यात नाव येत नाही, बैलगाडी येत नाही, आणि माणूस घुसला तर पाऊल काढताना घामाघूम होतो. चौघांनी सुलाची बाज खांद्यावर घेतली आणि गाळात उतरले. यल्लाप्पा पलीकडे पाण्याच्या कडेला नाव लावून थांबला होता. हंबीरराव अलीकडच्या घाटावर उभे होते. सकाळी नवाला निघालेली बाज पाण्याला टेकली तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. तीन तास ते उभ्याने बघत होते. सुला अंगाने उंच, बापावर गेलेली, आणि बाज होती पाच फुटी. तिचे पाय बाजेबाहेर लोंबत होते. माणसं रुतली की बाज खाली यायची आणि ते पाय गाळात जायचे.

नाव अलीकडे लागली तेव्हा सगळं संपलेलं होतं. हंबीररावांनी लेकीचं तोंड बघितलं नाही. ते घाटाच्या पायरीवर बसले आणि घोट्याच्या वरपर्यंत माखलेले तिचे पाय नदीच्या पाण्याने धुऊ लागले. गाळ निघून गेला, कातडी स्वच्छ झाली, तरी ते धुतच राहिले. शेवटी यल्लाप्पाने त्यांच्या खांद्याला धरून त्यांना उठवलं.

पुढच्या वैशाखात त्याच घरात धाकटी राही दिली. घर मोडू नये म्हणून दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसली आणि त्यांनी ठरवलं. जावई लालासाहेब दुसऱ्यांदा बोहल्यावर उभा राहिला तो मान खाली घालूनच. लग्न अलीकडे, हंबीररावांच्या दारात लागलं. सुला गेली त्या भादव्यापासून हंबीररावांनी नावेत पाय ठेवलेला नव्हता. नदी त्यांना सोसत नव्हती. पेन्शनच्या कामाला साताऱ्याला सैनिक बोर्डाच्या कचेरीत गेले असताना बाकड्यावर पडलेल्या मासिकात त्यांना ते चित्र दिसलं: चिखलावरून चाललेलं यंत्र, आत बसलेली दोन माणसं. त्यांनी कारकुनाला विचारलं, "ह्ये रुतत न्हाई?" कारकून म्हणाला, "रुतायला आधी टेकायला पाहिजे ना." काम झालं तरी ते तासभर तिथेच बसून होते. निघताना त्यांनी मासिक मागून घेतलं.

"यंत्रानंच आणणार तिला," हंबीरराव म्हणाले. "पाणी असू दे, गाळ असू दे. कवाबी जाता यील."

मुक्ताबाई वळल्या.

"आवं, तवाबी तुमी म्हणला हुता, पितरपाठ झाला की. आता म्हणताय, यंत्र झालं की. तुमचं ह्ये 'झालं की' आजवर कदी झालंय का?"

हंबीररावांनी फळी उगाच सरळ केली.

"म्हस इकाय लागंल," ते फळीकडे बघत म्हणाले. "मोठं इंजिन घ्यायचं हाय. नऊशे कमी पडत्यात."

"कुठली म्हस?"

घरात एकच म्हैस होती.

"गौरीच्या टायमाला व्यायची हाय ती," मुक्ताबाई म्हणाल्या. "राहीच्या बाळंतपणाला दूध व्हावं म्हणून वरीसभर राखलीया म्या. बाळंतिणीला दूध कुठनं घालू? तुमच्या यंत्राच्या सडातनं काढू?"

"दूध इकत मिळतं. जीव मिळत न्हाई."

"जीव गेला त्यो गेला!" मुक्ताबाईंचा आवाज फाटला. "हाय त्यो पलीकडनं निरोप धाडतुया. त्येचं बगा की वो कुनी!"

त्या पदराचा बोळा तोंडाशी धरून गोठ्याच्या मेढीला टेकल्या. हंबीररावांना त्यांच्याजवळ जावंसं वाटलं. पण गेलं तर बोलावं लागलं असतं, म्हणून त्यांनी हातोडी घेतली आणि ते शेडमध्ये फळी बसवायला गेले.

मंगळवारी कडेगावचा हेडी आला, जनावरांचा व्यापारी हरिबा. त्याने म्हशीचे दात बघितले, कास चाचपली, शिंगावर टिचकी मारली. मग हेड्यांच्या रीतीप्रमाणे हंबीररावांचा हात रुमालाखाली घेतला आणि बोटं दाबून भाव सांगितला. हंबीररावांनी बोटं दाबून भाव वाढवला. चार वेळा रुमाल हलला. तोंडाने दोघंही पावसापाण्याचं बोलत होते. नऊशेला सौदा ठरला. हरिबाने शंभराची नोट इसार म्हणून दिली.

"शनवारी दावं धरून न्हेतो," तो म्हणाला. "वैनीस्नी सांगा, तवर पेंड कमी करू नका."

वहिनी घरातून बाहेर आल्या नाहीत. जाताना हरिबाने सौदा झाल्याची खूण म्हणून म्हशीच्या कपाळाला भंडारा लावला.

बुधवारी इसाराची नोट घेऊन हंबीरराव सांगलीला गेले. भाऊसोने फौजी मोटरसायकलचं इंजिन बघून ठेवलं होतं, पण त्याच्या तोंडावर म्हणावा तसा उत्साह नव्हता.

"एक सांगतो, मेजर, मग तुमी आन् तुमचं नशीब. ह्या इंजिनाचं पिस्टन गेलंय. पुण्याहून मागवायला लागंल, म्हैना जातोय. म्हंजी यंत्र उभं व्हायला भादवा उजाडणार. त्यापेक्षा अजूनबी फूटभर कापा. स्कूटरचं इंजिन आज ह्या टायमाला उचलून देतो. पंधरा दिसांत तुमचं यंत्र नदीवर. लेकीला पाय जरा दुमडून घ्यायला सांगा. काय बिघडतं?"

हंबीररावांनी खिशातून नोट काढून लेथच्या पाटावर ठेवली आणि ती उडू नये म्हणून वर एक नट ठेवला.

"पाय दुमडायचं न्हाईत," ते म्हणाले. "पिस्टन मागवा."

भाऊसो त्यांच्याकडे बघत राहिला. काहीतरी विचारावं असं त्याला वाटलं असावं, पण गिऱ्हाईक आलं आणि ते राहून गेलं.

हंबीरराव दुपारच्या गाडीने परतले. येताना त्यांनी झालरीसाठी दहा वार जाड मेणकापड घेतलं होतं. ती गुंडाळी काखेत मारून ते आपल्या दारात आले आणि थांबले. अंगणाच्या उजव्या बाजूला भाकरीचा तुकडा पडला होता. एक कोंबडी त्याला टोचत होती. उंबऱ्यापुढची जमीन ओली होती.

लेक सासरहून आली की भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायावर पाणी घालतात आणि मग तिला आत घेतात. त्यांनी वर बघितलं. ओट्यावर राही बसली होती, भिंतीला पाठ लावून, एक हात पोटावर ठेवून. ओट्याच्या पायरीवर यल्लाप्पा बशीत चहा ओतून पीत होता.

"आबा," राही म्हणाली आणि उठायला लागली.

"बस, बस." हंबीररावांनी गुंडाळी या काखेतून त्या काखेत घेतली. "कवा आलीस? कोन... कोन मुराळी आलं हुतं?"

"आई आली हुती."

यल्लाप्पाने बशी खाली ठेवली. "तुमची गाडी गेली आन् वैनी घाटावर आल्या," तो म्हणाला. "नदीची ओटी भरली आन् नावंत बसल्या. म्या म्हणलं, वैनी, बाईमाणूस मुराळी? मेजर कुठं हायती? म्हणल्या, मेजर यंत्र करत्यात, तू नाव सोड." त्याला हसू आवरायचं होतं, पण ते पुरतं आवरलं नाही. मग हंबीररावांचं तोंड बघून तो चहा तसाच टाकून घाटाकडे गेला.

हंबीररावांना एकदम हायसं वाटलं. पोर अलीकडे आली होती. आता पाणी चढो, उतरो, गाळ राहो. आणि मागोमाग, हायसं वाटल्याची लाज वाटली. दोन लेकी. दोन्ही वेळा मुराळी आपण, आणि दोन्ही वेळा आपण अलीकडेच. घरातून फोडणीचा वास येत होता. मुक्ताबाई बाहेर आल्या नाहीत, त्यांना काही बोलल्याही नाहीत. ते जास्तच लागलं.

"यंत्र दावा की, आबा," राही म्हणाली. "आमच्या गावात लय बोलबाला हाय त्येचा."

ती त्यांच्यामागून शेडमध्ये आली. जाताना गोठ्याशी थांबून तिने म्हशीच्या कपाळावरचा पिवळा भंडारा बघितला. त्याचा अर्थ कळायला ती शेतकऱ्याचीच लेक होती.

सांगाड्याला तळ ठोकून झाला होता. मधोमध ती फळी बसवलेली, चारी कडांनी घासून गुळगुळीत केलेली, डोक्याकडे थोडी उंच. मागे चालवणाऱ्याची जागा. हंबीरराव सांगू लागले: हितं उचलायचा पंखा, तितं ढकलायचा. सांगताना त्यांचा जीव जरा थाऱ्यावर आला.

"आन् म्या हितं झोपायचं?"

"व्हय."

"झोपून बघू?"

त्यांनी हात दिला. राही हळूच आत उतरली आणि फळीवर आडवी झाली. राही आईवर गेलेली, बुटकी, पाच फुटालाही दोन बोटं कमी. डोकं उशाला टेकलं, हात बाजूला ठेवले. तिने टाचांनी फळीची कड शोधली. कड लागली नाही. तिने पाय आणखी ताणला, तरी लागली नाही. तेव्हा मान उचलून तिने आपल्या पायांच्या पलीकडे बघितलं. तिथे फूटभर कोरी फळी शिल्लक होती.

राही पुन्हा डोकं टेकून पत्र्याकडे बघत राहिली.

"आक्काला पुरलं असतं," ती म्हणाली.

हंबीररावांनी सांगाड्याची कड धरली. "तिचं पाय..." ते म्हणाले. पुढचं आलंच नाही. सुला गेली तेव्हा न रडलेला माणूस, सांगाड्याच्या कडेवर कपाळ टेकून रडला, पोरासारखा, मोठ्याने. घरातला भांड्यांचा आवाज थांबला. मेणकापडाची गुंडाळी काखेतून सुटून जमिनीवर पसरली. ती कुणी उचलली नाही.

राहीने त्यांना रडू दिलं. मग ती उठून बाहेर गेली आणि ओट्यावरनं एक गठुडं घेऊन आली. जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं, फार मोठं नव्हे. वरच्या अंगाला धुराने काळसर झालेलं.

"ह्ये आक्काचं," ती म्हणाली. "म्या त्या घरात गेल्यापास्नं खुंटीला हुतं. आत्याबाई कुनाला हात लावू देत न्हवत्या. म्हणायच्या, मुराळी यील तवा त्योच न्हील. आज म्या निघाले, तवा त्यांनी सोताच्या हातानं काढून दिलं."

तिने ते गठुडं फळीवर, उरलेल्या फूटभर जागेत ठेवलं. ते तिथे बरोबर बसलं.

"काय हाय त्यात?" हंबीररावांनी विचारलं.

"आसतील झबली-टोपरी. उघडलं न्हाई म्या. गाठ तिचीच हाय."

हंबीररावांनी गाठीला बोट लावलं. घट्ट होती, दुहेरी. सुला सगळ्याच गाठी दुहेरी मारायची. गवताच्या भाऱ्याचीसुद्धा तिची गाठ दुसऱ्या कुणाला सुटायची नाही. त्यांनी बोट काढून घेतलं.

"म्हस न्हाई जायाची," ते म्हणाले. "उद्या सांगलीस्नं नोट परत आणतो आन् हरिबाचा इसार त्येला दिऊन टाकतो."

राहीने मान डोलावली.

मग त्यांनी डोळे पुसले, खाली वाकून गठुडं दोन्ही हातांनी उचललं आणि खांद्यावर घेतलं. ते शेडमधून निघाले. राही दोन पावलं मागे राहून चालू लागली. गोठा ओलांडला. अंगणात कोंबडी अजून तुकड्याला टोचत होती, ती बाजूला झाली.

मुक्ताबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. नवऱ्याला चार शब्द सुनवायचे म्हणून त्या आल्या असाव्यात, हातात उलथनं तसंच होतं. त्यांना हंबीररावांच्या खांद्यावरचं गठुडं दिसलं. तो हिरवा तुकडा त्यांनीच आपल्या लुगड्याचा फाडून थोरलीला दिला होता, पाचव्या महिन्यात. सकाळी नावेत राहीने ते पदराखाली घेतलं होतं, म्हणून त्यांना ते दिसलं नव्हतं.

"थांबा," त्या म्हणाल्या.

हंबीरराव उंबऱ्याबाहेर थांबले. राही त्यांच्यामागे थांबली. मुक्ताबाई आत गेल्या. तव्यावरची भाकरी मोडल्याचा आवाज आला, तांब्या हंड्यात बुडाल्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या आणि त्यांनी गरम भाकरीचा तुकडा त्या गठुड्यावरून तीनदा ओवाळला आणि उजव्या हाताला टाकला. मग पायावर पाणी घालायला तांब्या कलता केला आणि तशाच थांबल्या. कुणाच्या पायावर घालायचं, हे त्यांना समजेना. मग त्यांनी ते सगळं पाणी, शेवटच्या थेंबापर्यंत, हंबीररावांच्या दोन्ही पायांवर ओतलं.

"आत ये, बाय," मुक्ताबाई गठुड्याकडे बघत म्हणाल्या.